तुझी मर्जी

पनवेल
रविवार, १२ ऑक्टोबर

अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

इकडे सर्व खैरियत आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही, कारण खैरियत नाही. हिबा उरणला माहेरी गेली आहे, आणि जाताना थंडीचे कपडेही घेऊन गेली आहे. आपल्याकडे थंडी पडते तरी किती? ती लवकर परत येणार नाही, एवढंच मला त्या स्वेटरवरून कळलं.

हे फोनवर का नाही सांगितलंस, असं तुम्ही विचाराल. फोनवर अम्मी माझ्या शेजारी बसलेली असते, आणि तिकडे मस्कतला तुम्ही खोलीत स्पीकर लावता. मागे मी नुसता खोकलो तर पलीकडून "आल्याचा काढा घे" असा आवाज आला. तो तुमचा नव्हता. टाईप करायला बसलो तर मोबाईल माझे शब्द बदलतो. ‘नाराज’ लिहिलं की ‘नारळ’ करतो. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवत आहे. शुद्धलेखनाची चूक दिसली तर सांगा. दिसणार नाही, मी दोनदा तपासलं आहे.

झालं ते असं. हिबाने डीएमएलटी केलं आहे, म्हणजे लॅबमध्ये रक्त तपासायचा कोर्स. खारघरला बेलपाड्याच्या एका लॅबमधून तिला बोलावणं आलं होतं. ती चहा गाळत होती. तिने विचारलं, "जाऊ का?" मी म्हणालो, "तुझी मर्जी."

अब्बा, यापेक्षा चांगलं उत्तर नवऱ्याने काय द्यायचं? आपल्या मोहल्ल्यात बायकोला दाराबाहेर पाऊल टाकायला विचारावं लागतं अशी घरं आहेत. मी दोन शब्दांत सगळी मुभा दिली. ती गेलीच नाही. मला वाटलं, तिची मर्जी नसेल. त्या जागेवर दुसरी मुलगी लागली.

त्यानंतर ती कमी बोलायला लागली. मला ते दिसलं, मी आंधळा नाही. मला वाटलं, नवीन घर आहे, अम्मीचं स्वयंपाकघर आहे, हिला काही सापडत नसेल. म्हणून मी दुकानात बसून सगळ्या डब्यांसाठी रेडियमची अक्षरं कापली. ट्रकच्या मागे लावतो तीच, लहान आकारात. हळद, तिखट, जिरे, मोहरी. पट्टी लावून एका रेषेत चिकटवली. अम्मी खूष झाली. हिबाने सगळे डबे पाहिले आणि म्हणाली, "एक माझ्या कपाळावरही चिकटवा. सून."

मी हसलो. अब्बा, मला खरंच वाटलं की ती विनोद करत आहे.

दुसऱ्या दिवशी तिखटाच्या डब्यात रवा होता. मी तेवढंच म्हणालो की अक्षराप्रमाणे वस्तू असावी. तिने विचारलं, "मी उरणला जाऊ का थोडे दिवस?" मी म्हणालो, "तुझी मर्जी." तिने तासाभरात बॅग भरली. एसटी स्टँडवर बसमध्ये चढताना ती काय म्हणाली ते लिहितो. तुम्हाला आठवत असेल, एका ट्रकवाल्याला ‘आर्शिवाद’ असं लिहून हवं होतं आणि मी ते कापायला नकार दिला होता. ते धरून म्हणाली, "आशीर्वादातली वेलांटी बरोबर दिसते तुम्हाला. बायकोचं तोंड दिसत नाही."

सगळ्या बसने ऐकलं.

तुमच्या निकाहला तीस वर्षं झाली. तुमचं आणि अम्मीचं भांडण मी कधीच पाहिलं नाही. ते तुम्ही कसं जमवलंत, ते सविस्तर कळवा. सविस्तर.

आपला मुलगा,
नावेद


पनवेल
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

मी दोन पानं लिहिली. तुमचा व्हॉइस मेसेज मी कानाला लावेपर्यंत संपला. "मिळालं पत्र. सब्र कर बेटा. सगळं ठीक होईल." सब्र करतोच आहे, अब्बा. सब्र करताना मधल्या वेळात काय करायचं, ते विचारलं होतं.

त्यात भर म्हणजे मला अय्यूब चाचांचा फोन आला. तुमचे खोलीतले सोबती म्हणून मी त्यांना मान देतो. पण ते म्हणाले, "बेटा, त्या डब्यांचं तू चुकलास, लेडीज लोकांना असं आवडत नाही." म्हणजे तुम्ही पत्र त्यांच्याकडून वाचून घेतलंत. फोटोतली अक्षरं लहान दिसतात हे मान्य, पण मोबाईलवर दोन बोटांनी फोटो मोठा करता येतो. ते आता हिबासाठी अत्तर पाठवणार आहेत. कृपया त्यांना थांबवा. अत्तर कुठून आलं हे तिला कळलं, की सगळ्या मस्कतला आपलं भांडण माहीत आहे हेही कळेल.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुम्ही उलटी समजू नका. मी आणि हिबा रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर फोनवर बोलतो, आणि चांगलं बोलतो. ती हसते. तिच्या शेजारची बाई मांजराला बिर्याणी भरवते, मग मांजर बाकी काही खात नाही, अशा गोष्टी सांगते. मीही दुकानातलं सांगतो. घरात असताना आम्ही कधी एवढं बोललो नव्हतो. फोन ठेवला की मला बरं वाटतं, आणि थोड्या वेळाने वाईट वाटतं. का ते कळत नाही.

हे मी फक्त अम्मीला सांगितलं होतं. तिने तुम्हाला सांगितलं. आणि तुम्ही काय केलंत? व्हिसाची व्यवस्था केलीत! बोर्ड बनवायच्या वर्कशॉपमध्ये जागा, तुमच्या साहेबांची ओळख, आणि व्हिसासाठी लागणाऱ्या मेडिकल तपासणीची तारीखसुद्धा. तुमचं म्हणणं, "दोन वर्षं ये. लांब राहिलं की प्रेम टिकतं." आणि तुम्ही स्वतः डिसेंबरअखेर कायमचे परत येणार. म्हणजे तुमच्या खाटेवर मी.

सगळे खूष आहेत. मिठाई वाटायची तेवढी बाकी आहे.

मी रविवारी नानकटाई घेऊन उरणला गेलो होतो. माझ्या सासूबाई, खतीजाखाला, दारातच म्हणाल्या, "मुबारक! जा बाबा, दोन वरीस जा. आमचा अख्खा संसार फोनवर झाला. कदी भांडण नाय, काय नाय."

हिबा समोर बसून कोलंबी सोलत होती. रोज फोनवर हसणारी हीच का, असा प्रश्न पडावा असा चेहरा. मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. तिच्यासमोर बसल्यावर एक वाक्य आठवेना. शेवटी विचारलं, "हिबा, मी जाऊ का मस्कतला?"

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तुमची मर्जी."

अब्बा, कुणीतरी नाकासमोर दुकानाचं शटर खाली ओढावं तसं मला झालं. मी विचारतो आहे ना? दोन वर्षांचा प्रश्न आहे. हो म्हण, नको म्हण, रड, ओरड. मर्जी काय मर्जी? मी तिला म्हणालोसुद्धा, "हे काय उत्तर झालं?"

ती म्हणाली, "का? तुमचंच आहे. आवडलं नाही?"

खतीजाखाला म्हणाल्या, "चहा घे." मी चहा घेतला आणि परत आलो.

मेडिकलचं अजून काही ठरवलं नाही. मला विचारल्याशिवाय तुम्ही साहेबांना सांगू नका की मी येतो आहे.

नावेद


पनवेल
रविवार, २ नोव्हेंबर

अब्बा,
अस्सलामु अलैकुम. अय्यूब चाचा, तुम्हालाही. तुम्ही वाचत आहातच, तर एक विनंती. इथपर्यंत वाचलंत तेवढं पुरे. पुढचं अब्बांना त्यांच्या चष्म्याने वाचू द्या. अत्तर मिळालं, आभारी आहे. बाटली अम्मीकडे ठेवली आहे.

अब्बा, मी तुम्हाला विचारलं होतं की तुम्ही आणि अम्मी भांडल्याशिवाय कसे राहिलात. तुम्ही सांगितलं नाही. मी अम्मीला विचारलं. ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. तिला हसू आलं.

"भांडायला वेळ कुठे होता? तुझे अब्बा सुट्टीला यायचे. पहिले आठ दिवस ते पाहुणे. मग त्यांना भेटायला पाहुणे. मग कुठे मला रुसायला फुरसत मिळायची, तोवर बॅगा भरायला काढायचे. रुसलेल्या बाईने नवऱ्याची बॅग भरायची का? भरायची."

"मग पुढच्या सुट्टीत?"

"पुढच्या सुट्टीत पुन्हा पाहुणे."

मी म्हणालो, म्हणजे तुमची भांडणं विसरून जायची. अम्मी म्हणाली, "मी एकही विसरले नाही."

ती पुढे जे बोलली ते लिहू नकोस असं तिने बजावलं आहे. लिहितो आहे. घरात आता बजावून ठेवलेलंच जास्त झालं आहे.

तुमच्या लेकीचं, नशराआपाचं, स्थळ आलं होतं तेव्हाची गोष्ट. मुलगा कसा आहे, घर कसं आहे, अम्मीला काही ठरवता येत नव्हतं. तिने तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "तुझी मर्जी." अम्मी म्हणाली, "फोन ठेवला आणि मी भिंतीला विचारलं. नशीब चांगलं म्हणून नशरा सुखात आहे. नसती तर ती माझीच मर्जी ठरली असती."

तुझी शाळा, म्हणाली. माझी मर्जी. वरचा मजला चढवायचा की नाही. माझी मर्जी. माझं ऑपरेशन करायचं की गोळ्यांवर भागवायचं. तेही माझ्या मर्जीने. "बायका मला म्हणायच्या, तुझा नवरा किती चांगला, काही बंधन नाही. मी म्हणायचे, अल्हम्दुलिल्लाह."

अब्बा, ती रागाने बोलत नव्हती. शेंगा सोलता सोलता, बाजारातले भाव सांगावेत तसं सांगत होती. मलाच राग आला. तुमच्यावर आला, मग तिच्यावर आला, कारण तिने तुम्हाला हे एकदाही सांगितलं नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे दोन शब्द मी कुठून उचलले. मला वाटत होतं, ते माझे स्वतःचे आहेत. मी ते दर शुक्रवारी स्पीकरवर ऐकत मोठा झालो.

आणखी एक. तुम्ही कायमचे येणार म्हणून आम्ही भिंतींना रंग लावला. सगळे अम्मीला मुबारक म्हणतात. तिने मला विचारलं, "नावेद, सकाळचा चहा पिऊन झाला की मग त्यांच्याशी काय बोलायचं असतं? रोज?"

 मी तिला काय सांगणार? माझी बायको उरणला आहे.

आपल्या घरात बायकोसोबत कायम राहणारा मी पहिला पुरुष आहे. दादाजान बोटीवर होते, तुम्ही मस्कतला. मी कुणाकडे बघून शिकायचं? आणि मला जमत नाही हे दिसताच तुम्ही मला तिकीट काढून देता. याला उपाय म्हणतात का?

मेडिकल या बुधवारी आहे. मी जाईन असं समजू नका. जाणार नाही असंही समजू नका. मला काही सुचत नाही.

नावेद


पनवेल
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

मागच्या पत्राला व्हॉइस मेसेज आला नाही. मला वाटलं, तुम्ही रागावलात. मग तुम्ही अम्मीला एकटीला फोन केलात. ती फोन घेऊन गॅलरीत गेली. फोन बराच वेळ चालू होता, आणि मला तुमच्याकडचा एकही आवाज ऐकू आला नाही. म्हणजे तुम्ही स्पीकर लावला नव्हता. मी काही विचारलं नाही. अम्मी त्या दिवशी भातात मीठ घालायला विसरली, एवढंच सांगतो.

आता माझं. त्या बुधवारी मेडिकलसाठी निघालो. इस्त्रीचा शर्ट, फाईल, फोटो, सगळं घेतलं. स्टँडवर आलो आणि उरणच्या बसमध्ये बसलो. हे मी ठरवून केलं असं लिहिलं तर छान दिसेल. ठरवलं नव्हतं. मला घाम फुटला होता आणि ती बस समोर उभी होती.

हिबाने दार उघडलं.

"आज मेडिकल होतं ना?"

"होतं."

"मग इथे काय करताय?"

"मला जायचं नाही मस्कतला."

"मग नका जाऊ. तुमची…"

"ते बोलू नकोस," मी म्हणालो. जोरात म्हणालो असेन, कारण खतीजाखाला आतून बाहेर आल्या. मग मी जे बोललो ते दारातच बोललो, चपला पायात असताना. "मला तू लॅबमध्ये जायला नको होतीस."

"काय?"

"बेलपाड्याच्या. मला नको होतं. तू विचारलंस तेव्हाच नको होतं."

 मला वाटलं, आता थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही. म्हणून सगळं बोललो. की तू डीएमएलटी आणि मी नववी. की तिथे तुला मॅडम म्हणतील आणि माझ्याकडे ट्रकवाले ‘ए रेडियम’ म्हणून हाक मारतात. की नको म्हटलं असतं तर मी मागासलेला नवरा ठरलो असतो, आणि हो म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून तुझ्यावर ढकललं आणि वर मोठेपणा घेतला.

अब्बा, मला वाटलं ती रडेल. ती एवढी चिडली की तिचे कान लाल झाले.

"म्हणजे लग्नापासून आठ महिने मी समजत होते की यांना माझ्या असण्या-नसण्याने काही फरकच पडत नाही! पडत होता?"

"हो."

"आणि वाईट फरक पडत होता?"

"हो."

"मग बरं झालं!"

"बरं झालं म्हणजे काय?"

"निदान काहीतरी होतं ना आत! मी कुणाशी भांडत होते? पोस्टाच्या पेटीशी? जाऊ का, तुझी मर्जी. येऊ का, तुझी मर्जी. अहो, मी परवानगी मागत नव्हते. मी विचारत होते, तुम्हाला कसं वाटेल! आणि ऐका, मी लॅबमध्ये जाणार. तुम्ही नको म्हणा, तरी जाणार. पण म्हणा तरी!"

"नको."

"जाणार."

"सकाळी सातला निघायचं, दिवसभर दुसऱ्यांचं रक्त, हाताला सुई लागली तर? नको."

"जाणार. सुई लागू नये म्हणूनच कोर्स केलाय. पुढे?"

खतीजाखाला आमच्या मध्ये उभ्या होत्या, हातात पळी. म्हणाल्या, "या अल्ला, तुमी दोघं भांडताय का मस्करी करताय? पोराला आत तरी घे, शेजारी बघतायत."

"बघू देत," हिबा म्हणाली. "फोनवर कुणाला दिसत नाही."

मग आम्ही आत बसलो आणि भांडलो. मी मध्येच दोनदा उठलो. दोन्ही वेळा ती म्हणाली, "बसा, संपलं नाही अजून." डब्यांचं निघालं. ती म्हणाली, त्या दिवशी तिला कुणीतरी एवढंच विचारायला हवं होतं की जागा गेली म्हणून वाईट वाटतंय का, आणि मी तिला जिरं कुठे आहे ते दाखवलं. मला हे आधी कळायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. मला सांगायला हवं होतं, असं माझं म्हणणं. यावर आमचं एकमत झालेलं नाही. अजूनही नाही. मी लॅबला आनंदाने हो म्हटलेलं नाही, आणि तिनेही मला समजून घेतलं असं म्हणता येणार नाही. पण दुपारच्या असरच्या नमाजाची वेळ होईपर्यंत दोघांनाही भूक लागली होती, आणि खतीजाखालांनी वाढलं.

संध्याकाळच्या बसने ती माझ्याबरोबर आली. स्वेटरसकट.

नावेद


पनवेल
रविवार, २३ नोव्हेंबर

अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

व्हिसाबद्दल तुमच्या साहेबांना माझ्याकडून शुक्रिया कळवा आणि सांगा की नावेद येणार नाही. तुम्ही फोनवर विचारलंत, "नक्की ना?" मी हो म्हणालो. तुम्ही लगेच अम्मीला फोन द्यायला सांगितलंत. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर कळवा. आता कळवत जा. आणि तुम्हाला आतून बरं वाटलं असेल, तर तेही कळवा. अय्यूब चाचांना सलाम. मी हिबाला सगळं सांगितलं. त्यांनी डब्यांवरून मला टोकलं ते बरंच झालं, असं तिचं मत आहे. माझं अजून तसं मत झालेलं नाही.

विमानतळावर मी आणि हिबा येऊ. अम्मी म्हणते, ती येणार नाही, घरी स्वयंपाक कोण करणार. मला वाटतं, कारण ते नाही. काय आहे ते मी विचारणार नाही. तुम्ही विचारा, आणि निघायच्या आधीच विचारा. आल्यावर पाहुणे येतील.

हिबाला रोडपालीला एका लॅबमध्ये काम मिळालं आहे. माझ्या दुकानापासून जवळ आहे. ती सोमवारपासून जाणार. मला अजूनही सुईची भीती वाटते, ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "वाटू दे."

आज सकाळपासून नवीनच निघालं आहे. मी म्हणालो, रोज मी स्कूटरवरून सोडेन. ती म्हणाली, मी स्कूटर शिकेन आणि स्वतः जाईन. मी म्हणालो, ट्रकांच्या रस्त्यावर नको. ती म्हणाली, त्या ट्रकांवर तुम्हीच ‘सावकाश चालवा’ लिहिता ना, मग? यावर मी पत्र लिहायला बसलो. अम्मी मला खुणेने सांगते आहे की थांब, शांत होऊ दे तिला.

आत भांडी आपटायचा आवाज येत होता. आता तो थांबला आहे, आणि हे मला अजिबात चांगलं वाटत नाही. पत्र तपासायला वेळ नाही, तसंच पाठवतो. मी आत जातो.

नावेद